देबूजींचं नाव घेऊन लेकरांना गप्प करू नका

बालपणीच्या जखमा हे आजकालच्या पोरांचं नवं निमित्त आहे, असं अमरावतीतल्या एका व्याख्यानात वक्त्यांनी ठणकावून सांगितलं आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मार सगळ्यांनीच खाल्ला, गरिबी सगळ्यांनीच पाहिली, पिणारे बाप पूर्वीही होते. माणूस चांगला वागतो की वाईट, हे ज्याच्या त्याच्या निग्रहावर असतं. पुरावा कोणता? तर गाडगेबाबा. बाप दारूनं मेला, शाळेचं तोंड पाहिलं नाही, तरी संत झाले ना? मग तुम्हाला काय धाड भरली?

यातल्या बाकीच्या मुद्द्यांना एकेक ओळ पुरे. ‘आमाले का कमी मार बसला? आमी का बिघडलो?’ असं म्हणणाऱ्यानं न बिघडल्याचा दाखला स्वतःच स्वतःला देऊ नये, तो बायकोलेकरांकडून आणावा. पूर्वी असं काही नव्हतं, हेही खरं नाही; पूर्वी विचारणारं कोणी नव्हतं. आणि समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. ताप कशानं आला हे शोधणारा डॉक्टर तापाचा कैवारी नसतो.

पण गाडगेबाबांचं नाव घेतलंत, तिथं मी सोडणार नाही.

देबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, १८७६ साली शेंडगावात जन्मले. झिंगराजी दारूपायी गेले तेव्हा देबू जेमतेम आठेक वर्षांचा होता. सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. तिथं त्यानं गुरं राखली, शेत कसलं आणि पुढं मामाची जमीन सावकाराच्या कर्जात जाताना पाहिली. आता हाच माणूस जन्मभर कीर्तनात काय सांगत होता ते आठवा. दारू पिऊ नका. ऋण काढून सण करू नका. देवापुढं कोंबडंबकरं कापू नका. काहीही करा, पण पोराला शाळेत घाला. बाप दारूनं नेला, जमीन कर्जानं नेली, शाळा मिळालीच नाही. त्यांच्या उपदेशाचे यातले तीन खांब तरी त्या दापुऱ्याच्या पोरानं सोसलेल्या गोष्टींवर उभे आहेत. लेकीच्या बारशाला भाऊबंद दारूमटणाची वाट पाहत बसलेले असताना यांनी गोडाचं जेवण वाढलं. तो निर्णय हवेतून आला होता का? बापाचं मरण पाहिलेल्या मुलानं घेतलेला तो निर्णय होता. बालपणाचा माणसावर परिणाम होत नाही, याचा पुरावा म्हणून तुम्ही नेमका असा माणूस उभा करता, ज्याच्या बालपणाशिवाय त्याचं एकही काम समजत नाही!

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्याकडं बोलायला जड जाते. १९०५ साली देबूजींनी घर सोडलं. मागं म्हातारी आई होती, बायको कुंताबाई होती, लेकरं होती. बापाला दारूनं घरातून नेलं, मुलाला लोकांच्या दुःखानं नेलं. कारणं जमीन-अस्मानाइतकी वेगळी, पण घर दोन्ही वेळा रिकामं झालं आणि ते दोन्ही वेळा बायांनी ओढलं. बाबांबद्दलची माझी श्रद्धा यानं तसूभर कमी होत नाही. फक्त एवढंच, की जखमेतून मोठं काम उभं राहिलं तरी तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. तुमच्या टाळ्यांच्या भाषणात कुंताबाई कुठंच नव्हती.

घर रिकामं करणाऱ्या दारूचा वाद तर जुनाच आहे. कष्टकऱ्याला थकवा घालवायला दोन घोट लागतातच, असं एक गृहस्थ माझ्याशी वर्षानुवर्षं भांडत. थकवा बापाचा जात असेल. पण अंगणात वाजणाऱ्या वहाणांवरून आज किती पिऊन आलाय हे ओळखणारं, आणि त्या हिशोबानं धाकटीला घेऊन माळ्यावर चढणारं पोर, त्याच्या थकव्याचं काय?

मी खारपाणपट्ट्यातल्या शाळेत मास्तरकी केली. तिथला एक मुलगा सराईत खोटं बोलायचा. डोळ्याला डोळा भिडवून, शांतपणे. मूल्यशिक्षणाच्या तासाला त्याला उभं करून खोटारडा म्हटलं जायचं. त्याच्या घरी गेल्यावर उलगडा झाला. बचतगटाच्या नि खासगी कर्जाच्या वसुलीची माणसं दारात आली की ‘बाबा गावाला गेले’ हे बाहेर जाऊन सांगायचं काम त्याचं होतं. बाप आत पलंगामागं बसलेला. आवाज कापला तर आईला शिव्या खाव्या लागत. त्या पोरासाठी खरं बोलणं हे पाप होतं आणि नीट खोटं बोलणं ही आईची राखण. वक्ते महाशय, याला तुम्ही निग्रहाचा कोणता धडा देणार होता?

मोठं झाल्यावर हा मुलगा लबाड व्यापारी होईल असं नव्हे. तसं म्हणणं हीही त्याच्यावर केलेली जबरदस्तीच. अमेरिकेत १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांच्या बालपणीच्या आघातांची नोंद घेतली गेली. आघात जितके जास्त, तितकी पुढं व्यसनाची, नैराश्याची, आजाराची जोखीम जास्त, असं दिसलं. जोखीम म्हणजे विधिलिखित नव्हे. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा मागोवा तर प्रौढपणापर्यंत घेतला गेला. अत्यंत वाईट परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा चांगला सावरला, आणि सावरलेल्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. देबूला सखुबाई होती, मामाचं घर होतं. संत झाल्याचं श्रेय निग्रहाला देताना या दोघांना वगळू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे. बालपण माणसाचा निवाडा करत नाही, पण त्याच्यापुढं कोणता प्रश्न येणार आणि त्याला उत्तर द्यायला किती बळ हाती असणार, हे बऱ्याच अंशी तेच ठरवतं. मोठेपणी केलेल्या कृत्याचा जाब द्यावाच लागतो. दारुड्या बापाचा मुलगा बायकोला मारत असेल तर त्याला थांबवायचंच. मात्र सात वर्षांच्या पोराकडून पन्नाशीतल्या माणसाचा संयम मागायचा नाही, आणि वाचलेल्या एकाला दाखवून बुडणाऱ्या दहांना हिणवायचं नाही. बाबांनी स्वतः तसं कधी केलं नाही. मी सावरलो, तुम्हीही सावरा, एवढं बोलून ते निघून गेले नाहीत. त्यांनी धर्मशाळा, वसतिगृहं उभी केली.

आजचं काम तेच आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं प्रकरण पात्र की अपात्र, यावर लाखाच्या मदतीचा निकाल लागतो. पण ज्या लेकरानं बापाला गोठ्यात पाहिलं, त्याच्याशी बसून बोलायला कोणी जात नाही. बालसंगोपन योजनेचे पैसे घरी येतात, माणूस येत नाही. अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वाढवतात, कागदावर बाप म्हणून स्वतःचं नाव लावतात. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करावा, ही मागणी ते कित्येक वर्षं लावून धरत आहेत. वक्ते महाशयांनी पुढचं व्याख्यान या मागणीवर द्यावं, आणि ते वझ्झरला जाऊन द्यावं.