सैल दोरी

सकाळी रामबागेतून राजवाड्याकडे निघालो की एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. पुढे कुत्रा जीव तोडून ओढीत असतो. मागे यजमान साखळी मनगटाला गुंडाळून, हिसके देत, ओरडत फरफटत येत असतात. मल्हारी मार्तंड हे होळकरांचे कुलदैवत. त्यांच्याच गावात खंडोबाच्या सोबत्याला असे फासावर नेल्यागत फिरवावे, हे काही बरे नव्हे.

हा दोष मीही केला आहे. मी दरबारी गवयाचा मुलगा. गाणे शिकविणे हा माझा व्यवसाय. घरी मोती आला तेव्हा मी गळफासाची साखळी आणली व वर्षभर हिसके दिले. मोतीचे ओढणे थांबले नाही. मात्र मी साखळी हाती घेताच तो पलंगाखाली दडू लागला. त्या दिवशी मला माझ्या शिक्षकपणाची लाज वाटली.

ओढले की पुढे जाता येते, एवढेच कुत्रा आपल्यापासून शिकतो. म्हणून दोरी ताणली की जागीच उभे राहावे. हिसका नको, रागावणे नको. तो वळून पाहील, दोरी सैल पडेल. त्याच क्षणी चालू लागावे. गुडघ्याशी चालला की भाकरीचा तुकडा द्यावा. आधी अंगणात, मग बोळात, मग रस्त्यावर. एका वेळी दहा मिनिटे पुरेत. मात्र घरातील सर्वांनी हाच नियम पाळावा. एकाने जरी ओढू दिले, तरी बाकीच्यांची मेहनत फुकट.

यात वेळ जातो, हे खरे. परंतु गळपट्टा ताणला असता कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो, छातीच्या पट्ट्याने तसा वाढत नाही, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पशुवैद्यकीय चाचणीत दिसून आले. घाईची किंमत त्या मुक्या जिवाने का द्यावी?

आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झूमऱ्यातील विलंबित ख्याल आठवावा. तबलजी संथ ठेका धरतो, गवयाला ओढीत नाही. तरी दोघे समेवर भेटतात. यालाच आपण संगत म्हणतो.

मोती आता संगतीने चालतो. मध्येच खांब हुंगायला थांबला तर मीही थांबतो. पलंगाखालून त्याला बाहेर काढायला मात्र चार महिने लागले. ज्यांच्या घरी गळफासाची साखळी असेल, त्यांनी ती आजच टाकून द्यावी.