भाकरीशी कट्टी कशाला?

जिम लावली की पहिली गदा येते भाकरीवर! ‘नो कार्ब्स’ म्हणत आठवड्यात दोन किलो उतरतात, लगेच स्टेटस पडतो. पण थांबा मित्रांनो, त्यातलं बरंचसं पाणीच असतं. शरीरात साठलेल्या कार्ब्ससोबत पाणीही साठलेलं असतं. साठा संपला की तेही जातं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रौढांसाठी रोज 130 ग्रॅम कार्ब्सची शिफारस केली, ती मुख्यतः मेंदूला लागणाऱ्या ग्लुकोजच्या हिशेबाने. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 35 ग्रॅम कार्ब्स असतात. म्हणजे दिवसाला दोन-तीन भाकरी सहज बसतात. उरलेलं डाळ, दूध, फळांतून येतं. कापायचंच असेल तर कोल्ड्रिंक, बिस्किटाचा पुडा आणि कट्ट्यावरचा तिसरा गोड चहा कापा ना!

आपली कळण्याची भाकरी तर ज्वारीत उडीद दळूनच होते, म्हणजे प्रोटीनही आलं. सोबत भरीत घ्या, फक्त तेल जपून. असं ताट अमळनेरच्या घराघरांत असताना इन्स्टावरच्या डाएटमागे का धावायचं? डायबेटिस असेल तर डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी भाकरी सोडू नका, मोजा. पेपर लिहिताना गरगरायला लागलं, तर उतरलेले दोन किलो काय कामाचे?