ट्रॅक घरात ठेवा

गळ्यात गिटार अडकवून स्टेजवर उभं राहायचं, तारांवरून बोटं फिरवायची आणि स्पीकरमधून मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी वादन ऐकवायचं, याला मी फसवणूक म्हणतो. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत मी गिटार वाजवतो, त्यामुळे हे लांबून पाहिलेलं नाही. पूर्वी आयोजकाचा फोन आला की पहिला प्रश्न असायचा, ढोलकीला कोण आहे, की-बोर्डला कोण आहे. आता पहिला प्रश्न असतो, ट्रॅक आहेत ना? एका आयोजकाने तर साउंड चेकच्या वेळी मला सरळ सांगितलं, "तुमच्या गिटारची लाइन बंद ठेवतो. ट्रॅकमध्ये गिटार आहेच. तुम्ही फक्त उभे राहा, स्टेज भरलेलं दिसतं." मी गिटार बॅगेत भरली आणि निघालो. त्या रात्रीचं मानधन गेलं. जाहिरातीत 'लाइव्ह ऑर्केस्ट्रा' छापलं होतं आणि प्रेक्षकांनी त्याच शब्दांवर विसंबून तिकिटं काढली होती.

असं बोललं की लगेच तंत्रज्ञानाचा शत्रू म्हणून शिक्का बसतो. तो मी मान्य करत नाही. ट्रॅक बनवायची सॉफ्टवेअर मी रोज वापरतो आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला वापरायला लावतो. कॅनडातल्या पीटर गॅनन यांचं 'बँड-इन-अ-बॉक्स' १९९० साली आलं. कॉर्ड टाइप करा, शैली निवडा, वेग ठरवा, की बास, ड्रम्स आणि पियानो तुमच्याबरोबर वाजायला तयार. पुढे त्यात कृत्रिम आवाजांच्या जोडीला खऱ्या स्टुडिओ वादकांनी वाजवलेले तुकडे आले. त्याच्याही कितीतरी आधी, १९६७ साली, अमेरिकेतल्या जेमी एबरसोल्ड या सॅक्सोफोन वाजवणाऱ्या शिक्षकाने सरावासाठी रेकॉर्ड काढायला सुरुवात केली होती. त्यांची मांडणी फार विचारी होती. स्टीरिओच्या एका बाजूला बास, दुसऱ्या बाजूला पियानो आणि ड्रम्स दोन्हीकडे. बास शिकणाऱ्याने बासची बाजू बंद करायची आणि ती रिकामी झालेली जागा स्वतःच्या हातांनी भरायची. शिकणाऱ्यासाठी जागा सोडणं हाच त्या रेकॉर्डचा हेतू होता.

घरी बसून स्वतः ट्रॅक बनवण्याइतकं गिटारवादकाला शिकवणारं काम दुसरं नाही. गाणं ऐकायचं, कॉर्ड कानाने शोधायच्या, अंतऱ्यात बास मूळ स्वरावर उभा आहे की एकेक स्वर खाली उतरतोय ते पकडायचं, आणि त्या उतरण्यामुळे वरची तीच मायनर कॉर्ड कशी निराळी लागते ते समजून घ्यायचं. हे एकदा केलं की फ्रेटबोर्डवर बोटं ठेवण्याची कारणं कळायला लागतात. ठेका बसवताना तर खरी परीक्षा होते. सॉफ्टवेअरच्या तयार शैलींमधून वॉल्ट्झ उचलायचा आणि दादरा म्हणून चालवायचा, हा प्रकार मी पदोपदी ऐकतो. वॉल्ट्झमध्ये दर तीन मात्रांना तेच वजन पडतं. दादऱ्यात सहा मात्रांचं एक आवर्तन असतं, पहिल्या तीन भरीच्या, पुढच्या तीन खालीच्या. ती खाली ऐकू आली नाही तर गाणं लंगडतं. हे ज्याने माऊसने एकेक ठोका जागेवर ठेवून पाहिलंय, त्याचा स्ट्रोक कायमचा सुधारतो.

मी आणखीही एक करायला सांगतो. ट्रॅकमध्ये मध्येच चार बार ड्रम्स गप्प करा. वाजवत राहा. ड्रम्स परत आले की कळेल, तुम्ही पुढे पळालात की मागे रेंगाळलात. गायिकेची पट्टी बदलते, म्हणून तोच ट्रॅक काळी एक, पांढरी पाच, काळी चार अशा पट्ट्यांत बदलून वाजवा. ही साधनं याच कामाची आहेत आणि या कामात त्यांना तोड नाही.

पण हे करतो कोण? बहुतेक जण तयार ट्रॅक उतरवून घेतात, वर ऐकलेलं लीड जसंच्या तसं बसवतात आणि वर्षभरात स्टेजवर येतात. त्यांना कॉर्ड विचारा, सांगता येत नाही. गायकाने अर्धा स्वर खाली घ्या म्हटलं की चेहरा उतरतो. यांना मी वादक म्हणणार नाही, कितीही वेगाने वाजवोत.

आणि आता त्याहून वाईट गोष्ट आली आहे. २०१९ च्या अखेरीस फ्रान्सच्या डीझर कंपनीने 'स्प्लीटर' नावाचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. पूर्ण रेकॉर्डिंगमधून गाणाऱ्याचा आवाज, ड्रम्स, बास वेगळे काढणारं. त्यानंतर तशी अनेक आली आणि फोनवरही मिळू लागली. सरावासाठी हे वरदान आहे. जुन्या गाण्यातला बास इतका स्वच्छ पूर्वी कधी ऐकायला मिळाला नव्हता. आमच्या स्टेजवाल्यांनी त्याचं काय केलं? मूळ रेकॉर्डिंगमधला गायक पुसला, उरलेलं सगळं तसंच ठेवलं आणि त्यावर स्वतः गायला लागले. 'कर्ज' या १९८० च्या चित्रपटातल्या 'एक हसीना थी'ची गिटार गोरख शर्मांनी वाजवली आहे. ती त्यांची, त्यांच्याच हातची, स्पीकरमधून घुमते आणि पुढे एक तरुण गिटार गळ्यात घालून डोळे मिटून मान हलवतो. लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या तो घेतो. लाज वाटत नाही का?

मुंबईच्या स्टुडिओत वाजवणाऱ्या त्या पिढीला काय मिळालं ते लक्षात घ्या. मडगाव-माजोर्ड्याकडून, म्हापशाकडून आलेले गोव्याचे व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले, पंजाबातून, बंगालमधून आलेले गिटारवाले, इथले ढोलकीवाले. त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगचे पैसे हातात पडले की विषय संपला. रेकॉर्डच्या वेष्टनावर बहुतेकांची नावंही छापली गेली नाहीत. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकारांच्या सादरीकरणाचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि रॉयल्टीचा अधिकार २०१२ च्या दुरुस्तीने. तोवर त्यातले अनेक जण हयातही नव्हते. ज्यांना तेव्हा नाव मिळालं नाही, त्यांचंच वादन आज दुसऱ्याच्या नावावर खपवलं जातंय. मला याचा संताप येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

ट्रॅक स्टेजवर कसा वाजतो, हेही प्रेक्षकांना माहीत असायला हवं. स्वस्तातली पद्धत अशी. फाइलच्या एका बाजूला संगीत, दुसऱ्या बाजूला टिकटिक आणि 'वन, टू, थ्री, फोर'. टिकटिक ऑक्टोपॅडवाल्याच्या कानात जाते, संगीत सभागृहात. म्हणजे तुम्ही पैसे मोजून जे ऐकता ते स्टीरिओसुद्धा नसतं. एबरसोल्डनी दोन बाजू वेगळ्या ठेवल्या त्या शिकणाऱ्याला जागा मिळावी म्हणून. आम्ही त्या वेगळ्या केल्या त्या टिकटिक लपवण्यासाठी.

त्या टिकटिकीला बांधलेली ढोलकी ऐकवत नाही. लावणीत शेवटाकडे लय चढते, ढोलकीवाला नाचणारीच्या पायांकडे बघत ती चढवतो. सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवता येतो, मान्य. पण तो किती आणि कुठे वाढणार हे आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. त्या पायांना आज काय हवंय, ते ट्रॅकला कसं कळणार? गायकाने तान एक आवर्तन लांबवली, ट्रॅक पुढे गेला. गायक शब्द विसरला, ट्रॅक पुढे गेला. खरा वादक अशा वेळी मुखड्याच्या कॉर्डवर घोळत राहतो आणि नजरेने सांगतो, ये आता. आणि वन्समोअर? ज्या महाराष्ट्राने नाट्यपदांना रात्र रात्र वन्समोअर दिले, तिथे आज प्रेक्षकांतून मागणी आली की निवेदक म्हणतो, वेळ कमी आहे. खरं कारण वेळेचं नसतं. तेवढाच अंतरा पुन्हा घ्यायला स्टेजवर कुणी वाजवणारंच नसतं.

कुणी म्हणेल, शास्त्रीय मैफलीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालतो, मग आम्हीच काय घोडं मारलं? तानपुऱ्याचं काम षड्ज अढळ ठेवण्याचं आहे, आणि ती पेटी गायकाच्या शेजारी सर्वांना दिसेल अशी ठेवलेली असते. तुमचा लॅपटॉप काळ्या पडद्यामागे का असतो?

खर्चाचं रडगाणं मी पुरेसं ऐकलं आहे. दहा वादक परवडत नाहीत, हे खरं आहे. नाट्यगृहाचं भाडं, साउंड, जाहिरात यांत आयोजक पिळला जातो, हेही खरं. मग तीन वादक घ्या. एक गिटार, एक की-बोर्ड, एक तबला-ढोलकी. व्हायोलिनचा ताफा नसेल तर नसू दे, तो पीस गिटारवर वाजवता येतो, नव्याने बांधता येतो. अरेंजर नावाची जमात याच कामासाठी जन्माला आली होती. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी कागदावर जे लिहिलं, त्यातलं सत्त्व तीन वाद्यांत उतरवणं कठीण आहे, पण ते संगीताचं काम आहे. बटण दाबणं हे संगीताचं काम नाही. ढोलकीवाल्याच्या घरातला एक कार्यक्रम कमी होतो, तेव्हा तो वाचलेला पैसा तिकिटाच्या दरात उतरलेला मी अजून पाहिलेला नाही.

ज्यांना ट्रॅकवरच गायचंय त्यांनी खुशाल गावं. हौशी मंडळी कराओकेवर गातात, आनंद घेतात, तिथे कुणी कुणाला फसवत नाही. पण तिकीट लावलं की जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहा, 'ध्वनिमुद्रित संगीतावर सादरीकरण'. मूळ रेकॉर्डिंग वापरत असाल तर ते कुणी वाजवलं त्यांची नावं निवेदकाने स्टेजवरून सांगावीत, आणि हक्कधारकांची परवानगी घ्यावी. गिटार वाजत नसेल तर गिटार गळ्यात घालू नये.

आणि तुम्ही, जे पैसे मोजून समोर बसता, पुढच्या वेळी तिकीट खिडकीवर एवढंच विचारा, आज वाजवणारे किती जण आहेत आणि त्यांची नावं काय? उत्तर मिळालं नाही तर तिकीट काढू नका.