सही दोघांची हवी

माझा धाकटा मामेभाऊ आणि त्याची बायको गेली अडतीस वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतात. दोघं नोकरीतून मोकळी झाली, मुलं आपापल्या शहरांत रमली, आणि दोघांनी ठरवलं, की आता घर विकायचं आणि उरलेली वर्षं चाकांवरच्या घरात काढायची. उन्हाळ्यात उत्तरेला, थंडीत ॲरिझोनाला. पंधरा दिवसांची सहल नव्हे. बारा महिने तेरा काळ. या गोष्टीवर त्यांचं एकमत तीन आठवड्यांत झालं. गाडी मोठी घ्यायची की लहान, यावरचा वाद मात्र २०२३च्या उन्हाळ्यात मी तिथे पोचलो तेव्हा आठ महिन्यांचा झाला होता!

अर्थात मला पंच नेमण्यात आलं. जन्मभर बँकेत लोकांचे कर्जाचे अर्ज वाचलेल्या माणसाला सगळं कळतं, असा नातेवाइकांचा एक गोड गैरसमज असतो.

विक्रेत्याच्या पटांगणात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. मोठी अडतीस फुटी, आपल्या एस.टी.पेक्षा लांब. बटण दाबलं की एक भिंतच बाहेर सरकते आणि दिवाणखाना रुंद होतो. दार लावता येईल अशी झोपायची खोली, कपडे धुण्याचं यंत्र, चार शेगड्या. भाजी आणायला एवढं धूड नेता येत नाही, म्हणून मागे छोटी मोटारही बांधून न्यायची. लहान व्हॅन वीस फुटी. आत ताठ उभं राहता येतं एवढंच. दिवसा बाक, रात्री त्याचाच पलंग. संडास आणि न्हाणी एकाच कपाटात.

माझ्यातला बँकवाला लगेच हिशेबाला लागला. मोठी गाडी गॅलनला जेमतेम आठ मैल जाते, लहान त्याच्या दुप्पट. ग्लेशियर नॅशनल पार्कमधला 'गोइंग टू द सन' नावाचा रस्ता फार देखणा, पण त्याच्या डोंगरातल्या भागात २१ फुटांहून लांब गाडीला मज्जाव आहे. उलट लहान गाडीच्या पाण्याच्या टाक्या लहान. चांगलं पाणी दर तीन-चार दिवसांनी भरायचं आणि संडासाची टाकी स्वतःच्या हातानं रिकामी करायची. झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय आणि संडास, एवढं असलं की तिथलं आयकर खातं गाडीलाही घर मानतं आणि काही अटींवर कर्जाच्या व्याजाची वजावट देतं. मला हे फार आवडलं. पण खातं काहीही मानो, पटांगणाबाहेर पडल्या क्षणापासून गाडीची किंमत उतरत जाते. घराचं सहसा तसं होत नाही.

भावाला मोठी हवी होती. "अडतीस वर्षं राबलो ते कपाटात झोपायला का?" हा त्याचा सवाल. त्यात चूक काहीच नव्हतं. मला वाटलं होतं, स्वयंपाकघरासाठी तीही मोठीच मागेल. पण ती लहान गाडीवर अडून बसली होती, आणि कारण विचारलं की "मला आवडत नाही" एवढंच म्हणे.

विक्रेत्यानं मोठी गाडी फिरवून पाहायला दिली. तिथल्या बहुतेक राज्यांत २६ हजार पौंडांपर्यंतच्या अशा गाडीला साधा मोटारीचा परवाना चालतो, हे ऐकून मला तर धडकीच भरली. भाऊ शाळकरी पोरासारखा खुशीत चालवत होता. परत आल्यावर विक्रेत्यानं किल्ली तिच्यापुढे धरली. तिनं मान हलवली.

संध्याकाळी भेंडी चिरता चिरता ती म्हणाली, "दादा, ती गाडी मला वळवता यायची नाही. वाळवंटात ह्यांना काही झालं, तर मी काय करू?"

भावाला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता. आठ महिन्यांच्या वादात त्या स्टेंटचं नाव कुणीच काढलं नव्हतं.

बँकेत आम्ही नवरा-बायकोला नेहमी सांगत असू, की खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' ठेवा. दोघांपैकी कुणीही सही करावी, आणि एक गेला तर उरलेल्याचं अडू नये. तरीही सगळं स्वतःच्या एकट्याच्या नावावर ठेवून गेलेल्या नवऱ्यांच्या बायका मी काउंटरसमोर बसलेल्या पाहिल्या आहेत. पासबुक हातात, पैसे खात्यात, आणि ती बाई मात्र कागदपत्रांसाठी हेलपाटे घालते आहे. माझ्या भावाची अडतीस फुटी गाडी म्हणजे एकट्याच्या सहीचं खातं होतं.

जॉन स्टाइनबेकनं १९६० साली ट्रकवर खोली बसवून अमेरिका पालथी घातली आणि १९६२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. भावानं मला ते वाचायला दिलं. पण स्टाइनबेकच्या सोबतीला कुत्रा होता आणि परतायला घर! २०२० सालच्या 'नोमॅडलँड' सिनेमातली बाई व्हॅनमध्ये राहते, पण तीही एकटीच. आणि तिथे भाडं परवडत नाही म्हणून गाडीत राहणाऱ्यांना मोठी की लहान हा प्रश्न पडतच नाही. दोघांनी मिळून राहायचं हे प्रकरण निराळं.

लहान गाडीच्या बाजूनं बोलताना एक कबूल करायला हवं. तिथे रुसायला जागा नसते. आमचं लहानपण चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत गेलं, सात माणसं होतो. पण बाहेर गॅलरी होती. भांडण झालं की वडील गॅलरीत जाऊन उभे राहत. व्हॅनची गॅलरी म्हणजे बाहेरचं आवार, आणि तीन दिवस पाऊस लागला की तेही गेलं. साठीनंतर रात्री दोनदा उठावं लागतं, तेव्हा एकाच्या पायावरून दुसऱ्यानं जायचं. ही थट्टा नव्हे.

म्हणून मी निकाल असा दिला: घर इतक्यात विकू नका, भाड्यानं द्या. गाडीही आधी भाड्यानंच घ्या, आणि ती ऐन उन्हाळ्यात नव्हे, नोव्हेंबरात. लांबी कितीही असो, जिला ती मागे घेता येत नाही, टाकी रिकामी करता येत नाही, तिच्या नावानं ती घेऊ नका. भाऊ फुरंगटला. "पंचवीस फुटांच्या वर जाऊच नको म्हणतोस ना? सरळ सांग की!" म्हणाला.

नोव्हेंबरात त्यांनी पंचवीस फुटीच भाड्यानं घेतली, तीन आठवड्यांसाठी. मधली, ना त्याच्या मनाची, ना तिच्या. दुसऱ्या आठवड्यात तिनं मला फोनवर एक चित्रफीत पाठवली. संध्याकाळची वेळ, झिमझिम पाऊस, मुक्कामाची अरुंद जागा. गाडी हळूहळू मागे येते आहे, चालवते आहे ती. मागे रेनकोट घालून उभा असलेला माझा भाऊ एस.टी.च्या कंडक्टरसारखा दोन्ही हात हलवत ओरडतो आहे, "येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे!"