उचल, कोपी आणि तालुका कचेरी

वेठबिगारी कायद्याने संपली ती ऑक्टोबर १९७५ च्या वटहुकमाने. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, संसदेने त्याचा कायदा केला. वेठबिगार शोधणे, त्याला सोडवणे आणि पुन्हा उभे करणे हे काम या कायद्याने पोलिसांपेक्षा महसूल यंत्रणेवर अधिक टाकले. चौकशीचे कर्तव्य जिल्हाधिकाऱ्याचे, आणि जिल्ह्याला तशीच प्रत्येक उपविभागालाही दक्षता समिती हवी. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांपुरते बोलायचे तर ही जबाबदारी मंचरच्या प्रांत कचेरीकडे, जुन्नर व घोडेगावच्या तहसीलदारांकडे आणि शेवटी गावच्या तलाठ्याकडे येते. तलाठ्याला फेरफार, पीकपाहणी, पंचनामे, मतदार याद्या सगळे शिकवले जाते. वेठबिगार कसा ओळखायचा हे कोणी शिकवले नाही, तर कायदा पहिल्याच पायरीवर अडतो.

या दोन तालुक्यांत हा प्रश्न येतो तो पाण्याच्या वाटेने. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे इथलीच. त्यांच्या पाण्यावर पूर्वेकडे ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा उभा राहिला आणि हंगामी मजुरांची गरज वाढली. पश्चिमेचा भीमाशंकर-आहुपे ते नाणेघाट हा डोंगरपट्टा महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्यांचा. पावसाळी भात निघाला की तिथला मजूर पूर्वेकडे उतरतो. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे राहतात, रिकाम्या रानांत मेंढपाळांचे वाडे बसतात. यातील बहुतेकांच्या कामाची सुरुवात उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेऊन होते.

उचल घेतली म्हणून माणूस वेठबिगार होत नाही. नारायणगावच्या तमाशा फडांतले कलावंतही उचल घेतात, आणि ऊसतोडीचा अनुभवी कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाशी घासाघीस करून दोन पैसे जास्त पदरात पाडून घेतो. कायदा पाहतो ते उचलीनंतर काय होते ते. दुसरीकडे काम करण्याची, हवे तिथे जाण्याची, बाजारभावाने मजुरी वा आपल्या मालाची किंमत मिळवण्याची मोकळीक कर्जापायी गेली असेल, तर ती वेठबिगारी. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे ही संविधानाच्या कलम २३ खालील सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालय त्याही पुढे गेले: मजूर सक्तीने राबतो आहे हे दिसले, की त्यामागे उचल आहे असेच गृहीत धरायचे. कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्यानेही सावकारावरच टाकला आहे. तरीही कचेरीत आलेल्या मजुराला पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच, की ‘पैसे घेतले होतेस ना?’

शिकवायचे ते इथून. पैसे घेतले की नाही, याहून हिशेब कोण लिहितो आणि तो मजुराला कधी दाखवला का, हे महत्त्वाचे. आठवड्याची खर्ची उचलीत मिळवली जाते का? आजारपणाच्या दिवसाचा खाडा किती लागतो? मागच्या हंगामाची बाकी या हंगामावर आली का, आणि वडिलांची मुलावर? आधार कार्ड कोणाजवळ असते? घरी मयत झाली तेव्हा जाऊ दिले का? हे प्रश्न मालक किंवा मुकादम शेजारी उभा असताना विचारले, तर उत्तर ‘सगळं बरं आहे’ असेच येणार. नवऱ्यासमोर बायकोही बोलत नाही. मजुराशी एकांतात, त्याच्याच भाषेत बोलता यावे यासाठी कातकरी बोली जाणणारे माणूस बरोबर असणे गरजेचे आहे.

दुर्लक्षाची किंमत काय असते, ते नाशिक जिल्ह्याने पाहिले आहे. इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी वस्तीतली सुमारे दहा वर्षांची मुलगी सप्टेंबर २०२२ मध्ये दगावली. मेंढ्या राखण्यासाठी तिला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात धाडले होते. पाठोपाठ आणखी मुलांची प्रकरणे बाहेर आली. काही हजार रुपये, एखादी मेंढी एवढ्यावर मुले दिली गेली होती. ती सोडवण्यात विवेक पंडित यांची श्रमजीवी संघटना पुढे होती, सरकारी यंत्रणा मागून आली. मेंढपाळही भटके आणि बहुधा गरीबच, म्हणून सगळ्या वाड्यांवर संशय घेणे अन्यायाचे. पण शाळेच्या हजेरीपटावरून नाहीशी झालेली मुले शिक्षकाला, अंगणवाडी सेविकेला, ग्रामसेवकाला दिसायलाच हवी होती.

म्हणून प्रशिक्षण महसूल खात्यापुरते ठेवून भागणार नाही. वाड्यावर मेंढ्यांना लस टोचायला पशुवैद्यकीय कर्मचारी जातो. ऊसतोड मजुरांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आशा कार्यकर्ती जाते, आणि जुन्नर वनविभागात वनरक्षकही जातो. बिबट्यापासून मुलांना कसे जपायचे हे तो ऊसतोड मजुरांना समजावतो. बिबट्यासाठी सरकार उसाच्या फडापर्यंत पोचू शकते, तर तिथल्या मजुराचा हिशेब विचारायला लांब का वाटावे? या सर्वांनी खटला चालवायचा नाही. दिसलेली खूण त्याच दिवशी तहसीलदारांना कळवायची, एवढेच शिकायचे आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर संशयित पीडितांची माहिती वर कळवण्याचे बंधन घातले. आपल्याकडे घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि पुण्यात यशदासारखी प्रशिक्षण संस्था. नवे काही उभारावे लागत नाही.

खबर मिळाल्यावर काय करू नये, हे तर आधी शिकवावे. मालकाला आधी फोन करू नये. ‘निम्मे पैसे भर आणि जा’ अशी तडजोड घडवू नये: वेठीचे कर्ज कायद्याने संपलेले आहे आणि त्याची वसुली स्वीकारणे हाच तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. सहानुभूतीने केलेली चूकही महाग पडते. मजुरांना रातोरात गाडीत बसवून गावी धाडले, की कचेरी सुटकेचा निःश्वास टाकते आणि प्रकरण कागदावर कधी येतच नाही. जबाब आणि प्रांतांच्या सहीचे मुक्तता प्रमाणपत्र नसेल तर पुढचे सगळे दरवाजे बंद. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व बालकांना २ लाख आणि अतिगंभीर छळाच्या प्रकरणांत ३ लाख रुपयांची तरतूद आहे. तातडीची मदत ३० हजारांपर्यंत. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो, हे ठाणे अंमलदाराला ठाऊक हवे.

प्रशिक्षणाचे हे वर्ग गळीत हंगामापूर्वी, दिवाळीच्या आत, मंचर आणि जुन्नरला व्हावेत. उपविभागीय दक्षता समितीत कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीचे तीन स्थानिक सदस्य आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांची नावे ग्रामपंचायतींच्या फलकावर लागली, तर खबर कोणाला द्यायची हा प्रश्न उरत नाही. दुसरे काम पत्रव्यवहाराचे आहे. सुटलेला मजूर बीडचा वा इगतपुरीचा असला, तर प्रमाणपत्राची प्रत आणि मदतीचा प्रस्ताव त्याच्या मूळ तालुक्यात पोचवून पोच घेणे हे सुटका करणाऱ्या तहसीलचे काम मानले जावे, आणि त्याची नोंद समितीच्या प्रत्येक बैठकीपुढे यावी.