सेवा शिकवायची, पण झाडू कुणाच्या हाती?

मुलांना वर्गाबाहेर काढून गावाचे काम करता करता शिकवावे, ही कल्पना हल्ली नव्याने मिरवली जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले. शिकायचे कुणाकडे? सुतार, माळी, कुंभार! बलुतेदारीची यादी आम्हाला तोंडपाठ आहे, म्हणून आम्ही जरा थबकतो.

कल्पनेला आमचा विरोध नाही. उलट ती आमच्या घरचीच आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथे जॉन ड्युई त्यांचे शिक्षक होते. शाळा हाच एक छोटा समाज आहे, मुले एकत्र काम करून लोकशाही शिकतात, हे ड्युईंचे म्हणणे. पण ज्या समाजात कामाचीच जात ठरलेली आहे तिथे काय? ‘सेवा’ हा शब्द आमच्या आजोबांना महारवतनाने शिकवला. ते वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, आणि कायद्याने ते गेले १९५८ मध्ये. तीस वर्षे लागली!

चांगला दाखला आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची पद्धत उभी केली. मुले गावाची खरी कामे करतात आणि त्यांचा मोबदलाही घेतात. फुकटच्या राबणुकीला तिथे सेवा म्हणत नाहीत.

आता सोमाटण्याचे पाहू. पवना नदी गावाजवळून वाहते. हेच पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे आंदोलन झाले; पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. इथल्या मुलांनी रोपे लावून फोटो काढण्यापेक्षा वहीत मोजमाप करावे: कोणत्या वस्तीत नळ किती, पाणी किती वेळ येते, नाल्याचे तोंड नदीत कुठे उघडते? चवदार तळ्याचा धडा त्याच दिवशी शिकवावा, म्हणजे १९२७ चे पाणी आणि आजचे पाणी मुले आपोआप जोडतील.

पालकांनी दोन गोष्टी मागाव्यात. झाडलोटीची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावून ती फळ्यावर लिहावी. संडास सफाईला मूल नको, पगारी माणूस हवा. आणि मुलांची ती वही शाळेच्या कपाटात न ठेवता २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनीच वाचून दाखवावी, सरपंचांच्या समोर.