चादरी स्वच्छ, पण हवेचे काय?

जोडून सुट्टी आली की चार-पाच जणांचे कुटुंब पुण्याला, नाशिकला किंवा मुंबईला निघते. हॉटेलच्या दोन खोल्या घेण्यापेक्षा दोन-तीन दिवसांसाठी अख्खा फ्लॅट भाड्याने घेण्याकडे आता अनेकांचा कल असतो. आजी-आजोबांना ऐसपैस जागा मिळते, लहान मुलाचे दूध गरम करता येते, खर्चही वाटला जातो. फ्लॅट निवडताना छायाचित्रे पाहिली जातात, आधीच्या पाहुण्यांनी दिलेले तारे मोजले जातात. चादरी, वायफाय, पार्किंग अशा सगळ्याची चौकशी होते. बाथरूममधला गीझर विजेचा आहे की गॅसचा, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. खरे तर पहिला प्रश्न तोच असायला हवा आणि त्याचे उत्तर न विचारता देणे फ्लॅटमालकावर बंधनकारक असायला हवे.

कारण साधे आहे. गॅस गीझरमध्ये ज्योत पेटते आणि ज्योतीला प्राणवायू लागतो. लहान बाथरूम, बंद दार, थंडीमुळे लावून घेतलेली खिडकी अशा जागेतला प्राणवायू ज्योत झपाट्याने वापरते. तो कमी पडू लागला की गॅस पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. आंघोळ करताना चक्कर, झटके किंवा बेशुद्धी आलेल्या अशा रुग्णांची नोंद भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने केली आहे.

इथे एक गैरसमज घात करतो. ‘गॅसचा वास येत नाही, म्हणजे धोका नाही’, असे अनेकांना वाटते. सिलिंडरमधल्या गॅसला उग्र वास असतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. ज्योतीतून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही नसतो. धूर ओळखणारा अलार्मही तो ओळखत नाही.

प्रवासात हा धोका आणखी वाढतो, कारण त्याच्या प्रत्येक लक्षणाला एक निरुपद्रवी स्पष्टीकरण तयार असते. डोके दुखते, ते उन्हात फिरल्यामुळे. मळमळते, ते रात्रीच्या बाहेरच्या जेवणामुळे. गळून गेल्यासारखे वाटते, ते प्रवासाच्या दगदगीमुळे. मग ‘जरा पडून राहा’ असा सल्ला मिळतो आणि माणूस त्याच हवेत पडून राहतो. ऑक्टोबर 2022 मध्ये मेक्सिको सिटीत अशाच भाड्याच्या फ्लॅटमध्ये उतरलेल्या तीन अमेरिकी पर्यटकांचा कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू झाला. त्यांच्यातल्या एकीने बरे वाटत नसल्याचे आपल्या जोडीदाराला फोनवर सांगितले होते. त्रास जाणवत होता. कारण मात्र कळले नाही.

‘आमच्या घरी वर्षानुवर्षे गॅस गीझर आहे, काही झाले नाही’, असा युक्तिवाद केला जातो. पण घरच्या गीझरच्या खोडी घरच्यांना ठाऊक असतात. खिडकी उघडी ठेवायची, आधी बादली भरायची, गीझर बंद करायचा आणि मग आंघोळ करायची, ही शिस्त अंगवळणी पडलेली असते. परक्या फ्लॅटची किल्ली हातात येते, तेव्हा हे शहाणपण सोबत येत नाही. शिवाय फिरायला निघायची घाई असते. एकामागून एक चौघांच्या आंघोळी होतात, हवा मोकळी व्हायला उसंत मिळत नाही आणि शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते.

म्हणून सगळा भार पाहुण्याच्या सावधगिरीवर टाकणे योग्य नाही. पैसे घेऊन घर देणाऱ्याने किमान तीन गोष्टी कराव्यात. गॅस गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा; काचा लावून बंद केलेली ड्राय बाल्कनी ही मोकळी जागा नव्हे. त्याची दरवर्षी तपासणी करून घ्यावी. आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2022 पासून भाड्याच्या घरात राहण्याच्या ज्या खोलीत बॉयलरसारखे इंधन जाळणारे पक्के उपकरण आहे, तिथे असा अलार्म बसवणे घरमालकांना सक्तीचे आहे. आपल्याकडेही अल्प मुदतीच्या भाड्याच्या घरांसाठी अशी अट घालता येईल. बुकिंग घेणाऱ्या संकेतस्थळांनी वायफाय आणि पार्किंगच्या रांगेतच गीझरचा प्रकार आणि अलार्म आहे की नाही, हे दाखवले, तर निवड करणाऱ्याला ते आपोआप दिसेल.

नियम येईपर्यंत मात्र काळजी घ्यावीच लागेल. बुकिंग करण्यापूर्वी गीझरबद्दल विचारावे. फ्लॅटमध्ये शिरताच सामान ठेवण्याआधी बाथरूमची खिडकी आणि एक्झॉस्टची जाळी उघडी आहे का, ते पाहावे. गीझर आतच असेल, तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळ करावी. आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल, तर वाट न पाहता दार उघडावे किंवा तोडावे, त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि 108 ला फोन करावा. रुग्णालयात ‘गॅस गीझर सुरू होता’ हे आवर्जून सांगावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्तातही तो आकडा ठीक दाखवू शकतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण तास-दीड तास. त्यामुळे निदान लवकर होणे महत्त्वाचे.

सुट्टीवरून परतल्यावर पाहुणे फ्लॅटला तारे देतात. त्या अभिप्रायात एक ओळ गीझरबद्दलही लिहावी. पुढच्या कुटुंबाला छायाचित्रांतून जे कधीच कळणार नाही, ते त्या ओळीतून कळेल.